फुप्फुस ४ डिग्रीला की १० ला? (आणि केळी कुठून आली मध्येच)

सावद्याचा भाऊ: काल एकाने ठोकून दिलं, "खान्देशातून फुप्फुस मुंबईला पोचूच शकत नाही, सहा तासात बाद होतं, उगाच डोनर फॉर्म भरू नका." डोकंच फिरलं. मी ओटीत कामाला आहे. काढायच्या आधी थंड द्रावण सोडून आतलं रक्त धुतात, ऑक्सिजन भरून अर्धवट फुगवून श्वासनळी बंद करतात, मग पिशवीत पिशवी आणि बर्फ, म्हणजे साधारण ४ डिग्री. सहा-आठ तास हा त्या बर्फाचा जुना हिशोब. कॅनडातल्या टोरोंटोच्या डॉक्टरांनी १० डिग्रीला ठेवून बघितलं, पेशी कमी बिघडतात. २०२३ ला व्हिएन्ना, माद्रिद धरून ७० पेशंटचा अभ्यास आला, बारा तासांच्या वर ठेवलेली फुप्फुसं चालली. आता बोला.

धुळेकर नाना: टोरोंटोत कसारा घाट नाही. माझ्या मेव्हण्याला अँब्युलन्समधून मुंबईला नेत होतो, कंटेनर आडवा, पाऊण तास सायरन वाजतोय आणि कोणी हलत नाही.

केळीवाला रावेर: थंडीचं आम्हाला विचारा. केळी १३ च्या खाली गेली की साल काळी. मागल्या वर्षी ड्रायव्हरने रीफर (थंड डब्याची गाडी) ९ वर लावली, दिल्लीत माल उतरला तर घड जळाल्यासारखे, व्यापाऱ्याने निम्मा भाव लावला वर हमाली माझ्याच माथी.

धुळेकर नाना: ड्रायव्हरवर कशाला ढकलता, प्रीकूलिंग न करता गरम माल भरता तुम्ही लोक.

केळीवाला रावेर: नाना, कधी बागेत पाय ठेवलाय का? लाइट किती तास असते इकडे माहितीये? म्हणे प्रीकूलिंग!

जामनेरची ताई: अरे धागा कशाचा आहे! माझा दीर अपघातात गेला, हात गरम, मॉनिटर चालू, आणि सांगतात ब्रेन डेड. दोन तपासण्या, मध्ये सहा तास. तेवढ्यात एकानेही अवयवाचं विचारलं नाही, मी विचारलं तर "ताई, इथं ती सोय नाही". तुमचे ४ आणि १० त्याच्या पुढचे.

सावद्याचा भाऊ: ताई, खरं शे. त्यात व्हेंटिलेटरवर फुप्फुसात इन्फेक्शन लवकर शिरतं, बाकी अवयव घेता येतात तरी फुप्फुस राहून जातं.

धुळेकर नाना: भाऊ, तुमचा अभ्यास पोराने काढून वाचून दाखवला. फुप्फुस प्रवासात बर्फातच होतं, १० डिग्रीच्या पेटीत हॉस्पिटलला पोचल्यावर ठेवलं, रात्रीचं ऑपरेशन सकाळी करता यावं म्हणून. मग घाटात १० कुठून आणलेत?

सावद्याचा भाऊ: ...बरं, ते लिहायचं राहिलं. पण एकूण वेळ वाढला की नाही?

धुळेकर नाना: वाढला ना. आता कंटेनरवाल्याला कळवा तेवढं.

केळीवाला रावेर: थंड जास्त म्हणजे चांगलं नाही, हे मी केव्हाचं सांगून राहिलो, तर म्हणे धागा कशाचा. भाऊ, ती पेटी गाडीत बसते का? रीफर माझ्याकडे उभीच आहे.