मारिया ओगिल्वी गॉर्डन: जिऑलॉजिस्ट आणि समाजकार्य करणारी, दोन्ही एकच बाई?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, मी एमएस्सी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा ट्रायासिक (साधारण २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा काळ) शिकवताना सरांनी इटलीतल्या डोलोमाइट पर्वतांची एक स्लाइड दाखवली, पांढरे सुळके आणि खाली हिरवी कुरणं, आणि जाता जाता म्हणाले की इथलं बरंच काम एका स्कॉटिश बाईने केलंय, मारिया ओगिल्वी गॉर्डन तिचं नाव, आणि लगेच पुढची स्लाइड. माझं काही पुढच्या स्लाइडकडे लक्ष गेलं नाही.

घरी येऊन शोधायला लागले तर त्याच नावाच्या दोन बायका असाव्यात असंच वाटलं. एक ३४५ प्रजातींच्या जीवाश्मांचं वर्णन करणारी, दुसरी ब्रिटनच्या नॅशनल कौन्सिल ऑफ विमेनची अध्यक्ष. जन्माचं साल दोन्हीकडे १८६४ आणि मृत्यूचं १९३९, म्हणजे बाई एकच. पण मग तिने जिऑलॉजी सोडून समाजकार्य धरलं की दोन्ही बरोबर चालू होतं? आणि तेव्हा बायकांना युनिव्हर्सिटीत तरी घेत होते का?

विचारायला कारण आहे. एका ठिकाणी इंटर्नशिपला अर्ज केला होता तर मुलींच्या राहायची सोय नाही म्हणून फील्डला पाठवणार नाही, ऑफिसात बसून नकाशे करा म्हणाले, आणि घरी आई म्हणते बघ मी सांगत होते. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

इसारकाठ:
रानवाटा, मी गेली ११ वर्षं म्युनिकला आहे, त्यामुळे इथला भाग मी सांगते.

मुळात ही मुलगी पियानो शिकायला लंडनला गेली होती, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये, आणि चांगलं वाजवायची. ते सोडून सायन्सकडे वळली, लंडन युनिव्हर्सिटीची बीएस्सी १८९० मध्ये झाली. पुढे शिकायला बर्लिनला जायचं होतं पण तिथे बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून १८९१ मध्ये म्युनिकला आली. आणि इथे तरी कुठे होता? झिट्टेल आणि हर्टविग या दोन प्रोफेसरांनी खाजगीत शिकवायचं कबूल केलं एवढंच. लेक्चर चालू असताना तिने शेजारच्या खोलीत बसायचं, मधलं दार अर्धं उघडं ठेवायचं आणि जे ऐकू येईल ते लिहून घ्यायचं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्या दिवशी दुसरं काही सुचलंच नाही मला. आपण नुसतं वाचतो, पण रोज तसं जाऊन बसायचं म्हणजे काय असेल.

लंडनची डीएस्सी (विज्ञानातली डॉक्टरेट) तिला १८९३ ला मिळाली, ती मिळवणारी ती पहिली बाई. आणि १९०० साली याच म्युनिक युनिव्हर्सिटीने तिला पीएचडी दिली, इथेही ती पहिलीच. आता साल लक्षात ठेव, बव्हेरियात (म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे) मुलींना रीतसर नाव नोंदवून शिकायची परवानगी १९०३ ला मिळाली. म्हणजे प्रवेशच नसलेल्या जागेची डिग्री तिने घेतली, तीही लग्न झाल्यावर आणि मुलं असताना. १८९५ ला अ‍ॅबर्डीनचे डॉक्टर जॉन गॉर्डन यांच्याशी लग्न झालं होतं, आणि पुढे नवरा-मुलं पण तिच्याबरोबर डोलोमाइट्सला जायचे.

झिट्टेलच्या भूगर्भशास्त्राच्या इतिहासाचं मोठं जर्मन पुस्तक तिनेच इंग्रजीत आणलं, १९०१ मध्ये. ज्याचं लेक्चर दाराआडून ऐकलं त्याचाच ग्रंथ.

कातळकाका:
मुली, निवृत्त माणूस आहे मी, आयुष्य खडकांतच गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

१८९१ च्या उन्हाळ्यात फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन (सिल्क रोड हा शब्द ज्यांनी रूढ केला तेच) तिला पाच आठवडे डोलोमाइट्समध्ये घेऊन फिरले. तोवर तिचा विचार आजच्या जिवंत प्रवाळांवर काम करायचा होता. तिथे तिने दगडात अडकलेले प्रवाळ पाहिले आणि ती तिथलीच झाली. मग वर्षानुवर्षं जवळपास एकटीने काम, ना डिपार्टमेंट पाठीशी ना गाडी, सगळं पायी आणि चढून.

आपल्या सह्याद्रीच्या मानाने ते रान अगदी वेगळं. आपल्याकडे बेसाल्टचे थरावर थर, लाव्हा आला आणि गोठला, जीवाश्म मिळाला तर दोन लाव्हांच्या मधल्या गाळात. तिथे उभे सुळके डोलोमाइट नावाच्या, चुनखडीसारख्या खडकाचे आणि त्यांच्या मध्ये मऊ चिखलमातीचे, ज्वालामुखी राखेचे थर, वेंगेन आणि सान कासियान अशी त्यांची नावं. त्या मऊ थरांतले शिंपले इतके लहान की बरेचसे नखावर मावतील, पण टिकलेत असे की काहींचं मूळ कवच अजून तसंच आहे, २३ कोटी वर्षांनंतर! एवढ्या बारीक वस्तू वेचायच्या, धुवायच्या, भिंगाखाली एकीपासून दुसरी वेगळी करायची. त्या थरांतल्या आज माहीत असलेल्या साधारण १४०० प्रजातींपैकी ३४५ चं वर्णन या बाईचं आहे.

आणि ती नुसती वेचून थांबली नाही. तेव्हा मोयसिसोविच नावाच्या ऑस्ट्रियन माणसाचा दबदबा होता, त्याचं म्हणणं हे डोंगर म्हणजे जुन्या प्रवाळ-भित्तीच, जिथे वाढल्या तिथेच उभ्या. हिने नकाशे करून दाखवलं की नंतरच्या हालचालींनी थर एकमेकांवर सरकलेत, मोडलेत, आजचा आकार बराचसा त्याने आलाय. पृथ्वीचं कवच पिळवटलं गेलं असा तिचा १८९९ चा सिद्धांत होता, तो पिळाचा भाग पुढे मान्य झाला नाही हे पण सांगायला हवं, पण थर थरावर चढलेत हे डोलोमाइट्समध्ये आधी ओळखणाऱ्यांत तीच होती.

याच मोयसिसोविचने आपल्या हिमालयातल्या ट्रायासिक अमोनाइट्सवर (गुंडाळलेल्या शंखांचे समुद्री जीव, आता नामशेष) पण काम केलंय. मी स्पितीत होतो तेव्हा त्याच्या पुस्तकातल्या जुन्या प्लेट्स, म्हणजे जीवाश्मांची चित्रं, उघडून ठेवायचो. स्पितीचे ते थर आणि डोलोमाइट्सचे थर टेथिस नावाच्या, आता नाहीशा झालेल्या एकाच समुद्राच्या तळाशी साचलेत, तेव्हा तुला हे काम फार परकं वाटू देऊ नकोस.

इंटर्नशिपचं म्हणशील तर, मुली, राहायची सोय नाही हे कारण मी उभ्या नोकरीत ऐकलंय आणि दर वेळी सोय करता आलेली पण पाहिली आहे. शाळेची खोली, सरपंचाचं घर, काहीही चालतं. पुन्हा विचार, लेखी विचार.

पाटी_पेन्सिल:
वरचे दोन्ही प्रतिसाद मस्त. मी शाळेत समुपदेशक आहे, दगडातलं काही कळत नाही, पण मला ही बाई दुसऱ्याच दारातून भेटली.

१९०८ मध्ये तिने शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलामुलींसाठी नोकरी-धंद्यांची माहितीपुस्तिका तयार केली. कुठल्या कामाला काय शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किती, पगार किती, असं सगळं. तोवर गरिबाघरचं पोर तेराचौदाव्या वर्षी शाळेतून निघालं की जे पहिलं हाताला लागेल ते काम धरायचं आणि पुढे तिथेच अडकायचं, कारण सांगणारं कोणी नसायचं. तिचा आग्रह होता की शाळा आणि रोजगार यांच्या मध्ये माहिती देणारी जागा पाहिजे. आज आम्ही दहावीनंतर काय म्हणून जे करतो ते हेच ना? आमच्या ट्रेनिंगला पाश्चात्त्य नावं डझनभर घोकली पण हिचं एकदाही आलं नाही.

१९१६ ते १९२० ती नॅशनल कौन्सिल ऑफ विमेनची अध्यक्ष होती, म्हणजे अर्धी कारकीर्द महायुद्धात. युद्धानंतर लीग ऑफ नेशन्समध्ये (आजच्या युनोच्या आधीची संघटना) बायकांना जागा मिळावी म्हणून झटली. लंडनमध्ये मॅजिस्ट्रेट पण झाली.

मला आपलं वाटतं, ज्या मुलीला दाराआडून ऐकावं लागलं तिनेच मोठी झाल्यावर पोरांसाठी कुठलं दार कुठे आहे हे लिहून काढलं. त्यामुळे दोन बायका वगैरे मला तरी वाटत नाही.

रानवाटा:
बाप रे, एवढं सगळं! काका, इसारकाठ ताई, पाटी_पेन्सिल, सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं, या सगळ्या समित्या-सभांमध्ये जिऑलॉजी मग थांबलं का?

इसारकाठ:
नाही ग, तेच तर सांगायचं राहिलं. डोलोमाइट्सचा तिचा मोठा ग्रंथ १९१४ ला छापायच्या बेतात होता, इथे जर्मनीत, आणि युद्ध सुरू झालं. ती ब्रिटिश, हस्तलिखित इकडे. युद्ध संपून परत येऊन बघते तर मजकूर, प्लेट्स, सगळं गहाळ. १९१९ ला नवरा पण गेला होता. साठीला टेकलेली बाई पुन्हा डोंगरात गेली आणि सगळं नव्याने लिहिलं, जर्मनमध्ये, नकाशांसकट, आणि ते १९२७ ला छापून आलं. पुढच्या वर्षी तिथे फिरणाऱ्यांसाठी जिऑलॉजीच्या गाइडबुका पण काढल्या.

लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने बायकांना सभासद करून घेतलं १९१९ मध्ये, पहिल्या तुकडीतच तिचं नाव आहे. डीएस्सीनंतर २६ वर्षं लागली त्यांना. १९३२ ला त्यांनीच आपलं मानाचं लायल मेडल दिलं, १९३५ ला ती डेम झाली, म्हणजे पुरुषांना 'सर' मिळतं तसा बायकांचा ब्रिटिश किताब.

आणि २००० साली डोलोमाइट्समध्ये मिळालेल्या एका जीवाश्म नेच्याला तिचं नाव दिलंय, गॉर्डनॉप्टेरिस. तुमच्या लेक्चरला तो नेचा आला तर सरांना सांग, पुढच्या स्लाइडला जायच्या आधी.

कातळकाका:
अर्जाचं काय झालं ते इथेच कळव. पत्राचा मसुदा हवा असेल तर मेसेज कर, मी लिहून देतो.

रानवाटा:
काका, उद्याच पाठवते. आईला पण हा धागा वाचायला दिलाय, ती आत्ता पियानोच्या भागावर आहे.