पडून असलेली उपकरणे विभागाची की सगळ्यांची?

(एका संस्थेतील लेखी चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव किंवा विभाग दिला आहे.)

कपाटाची किल्ली

आमच्या विभागाने ऑसिलोस्कोपच्या (विद्युत संकेतांचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) खरेदीची मागणी नोंदवली होती. मंजुरीची वाट पाहत असतानाच कळले की तसाच ऑसिलोस्कोप वरच्या मजल्यावरील विभागाच्या कपाटात दोन वर्षे खोक्यातून बाहेरही न काढता पडून आहे. यात कोणाची लबाडी नव्हती. प्रत्येक विभागाची साठा नोंदवही वेगळी, अंदाजपत्रक वेगळे आणि वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम परत जाण्याची भीती मात्र सर्वांना सारखीच. त्यामुळे खरेदी सोपी वाटते आणि शेजाऱ्याकडे मागणे अवघड.

माझा प्रस्ताव असा आहे की, सहा महिने वापरात न आलेले प्रत्येक उपकरण संस्थेच्या एकाच सामायिक यादीत यावे आणि ती यादी पाहिल्याची नोंद असल्याशिवाय खरेदीच्या मागणीवर सही होऊ नये. जगभरात 2022 या एका वर्षात सुमारे 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपसारख्या वस्तूचे बहुतेक कर्ब उत्सर्जन ती वापरताना नव्हे, तर बनवतानाच होते. म्हणून कपाटातली वस्तू वापरात आणणे हा माझ्या मते काटकसरीपेक्षा मोठा प्रश्न आहे.

प्रयोगशाळेतून

आपला हेतू मला मान्य आहे, प्रस्ताव मान्य नाही. सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुने वेगाने फिरवून त्यांतील घटक वेगळे करणारे यंत्र. त्याच्या रोटरचे, म्हणजे फिरणाऱ्या भागाचे, उदाहरण घ्या. प्रत्येक वापरात त्याच्या धातूवर ताण येतो, म्हणून तो किती वेळा आणि किती वेगाने चालवला याची नोंद ठेवून ठरलेल्या मर्यादेनंतर तो बाद करावा लागतो. उसना नेणाऱ्याने चार वापर नोंदवले नाहीत, तर पुढच्या माणसाला रोटर शाबूत आहे असे वाटत राहते, आणि पूर्ण वेगात तुटलेला रोटर यंत्राची भिंतसुद्धा फोडू शकतो. मोजमापाच्या उपकरणांचेही तेच. तराजू एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलवला तरी तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. दोन घरचा पाहुणा उपाशी असे आपण म्हणतो. दोन विभागांच्या यंत्राला वेळेवर कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप अचूक आहे ना याची तपासणी, मिळत नाही, हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे.

शिवाय न वापरलेले म्हणजे निरुपयोगी नव्हे. मुख्य पंप बंद पडला तर लागणारा राखीव पंप सहा महिनेच काय, सहा वर्षेही उभा राहू शकतो.

देखभाल कक्ष

राखीव पंपाचा मुद्दा बरोबर आहे, पण तोही नुसता उभा ठेवला तर प्रसंगी दगा देतो. त्याचा दांडा अधूनमधून फिरवावा लागतो, नाहीतर बेअरिंग एकाच जागी दबून खराब होतात. पडून राहिलेली वस्तू जशीच्या तशी राहते, हा समज या चर्चेतून आधी बाजूला काढायला हवा. यूपीएसमधील लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगविना राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली, तर बहुधा पुन्हा उभी राहत नाही. इंकजेट प्रिंटरच्या शाईची छिद्रे सुकतात. बाद झालेल्या ज्या वस्तू माझ्याकडे येतात, त्यांपैकी अनेक वापराने झिजलेल्या नसतात, कुलपात मेलेल्या असतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

संगणक विभाग

संगणक यादीत टाकण्यापूर्वी त्यातील माहिती पुसण्याची जबाबदारी निश्चित करा. एसएसडीवर (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) नुसते वरून लिहिल्याने जुनी माहिती जातेच असे नाही, कारण आपण लिहितो ते चिपमधील नेमक्या कोणत्या साठवण-पेशीत जाईल हे डिस्कचा नियंत्रक ठरवतो. सुरुवातीपासून संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असेल, तर ती उलगडणारी सांकेतिक किल्ली नष्ट करणे पुरते. एवढी अट पाळली तर माझा पाठिंबा आहे.

कपाटाची किल्ली

रोटरविषयीचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. ज्याचे आयुष्य वापर मोजून ठरते, ते यादीत नको. राखीव उपकरणेही वगळू, मात्र ती राखीव का आहेत आणि शेवटची कधी चालवून पाहिली, हे लेखी हवे. उरलेल्या प्रत्येक वस्तूसोबत तिची नोंदवही फिरावी, आणि वस्तू ज्याच्या ताब्यात असेल त्याचे नाव तिच्यात असावे. हाताळताना मोडतोड झाली तर खर्च नेणाऱ्या विभागाचा. नेहमीची झीज आणि कॅलिब्रेशन यांसाठी सामायिक निधी ठेवता येईल.

प्रयोगशाळेतून

तसे झाले तर आमची दोन मायक्रोस्कोप आणि एक वॉटर बाथ मी स्वतः यादीत नोंदवीन. परंतु तो निधी पहिल्या वर्षी कोणाच्या अंदाजपत्रकातून वेगळा काढणार, हे प्रस्तावात कुठेही नाही. तो आकडा आणि ते लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे खाते, लिहून येईपर्यंत माझा विरोध कायम समजावा.