अनुभव धागा: सॅक पाठीवर घेऊन दोन-तीन दिवसांचा ट्रेक, निघायच्या आधी काय तयारी करता?

ऑक्टोबर आला की रेंज ट्रेकचे बेत शिजायला लागतात. सकाळी किल्ला चढून संध्याकाळी घरी येणं वेगळं आणि पांघरूण, शिधा, पाणी सगळं पाठीवर घेऊन मुक्काम करत चालणं वेगळं. ट्रेकची वर्णनं आपण सगळेच हौसेने लिहितो पण त्याच्या आदल्या आठवड्यात घरी बसून काय केलं ते कुणी लिहीत नाही, आणि मला तर पक्कं वाटतं की सुखरूप परत येणं निम्मं तिथेच ठरतं. म्हणून हा धागा. छोटा अनुभव असला तरी लिहा, फक्त स्वतःचा असू द्या.

सुरुवात मी करते. आम्ही रतनगड-हरिश्चंद्रगड ठरवला होता, रतनवाडीतून वर, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असा. घरी कागदावर तीनच रकाने केले होते: कुठे किती वाजता असायला हवं, तिथे पाणी आहे का, आणि तिथून खाली सुटायचं झालं तर कसं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं की खिंडीत दुपारी १ पर्यंत पोचलो नाही तर हरिश्चंद्रगड रद्द, कुमशेतला मुक्काम आणि सकाळी गाडी बघून राजूर. झालंही तसंच, एका मैत्रिणीचा गुडघा रतनगड उतरतानाच बोलायला लागला आणि खिंडीत अडीच वाजले. कुणी वाद घातला नाही, कुणी तिला टोचून बोललं नाही, कारण निर्णय आधीच सगळ्यांनी मिळून घेतलेला होता. दमलेल्या डोक्याने डोंगरात तो घ्यायचा असता तर चार जणांची चार मतं झाली असती.

आणि वाटाड्या घ्याच. पावसानंतर गवत कमरेएवढं असतं, जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाईलवरची रेघ बघूनसुद्धा कळत नाही. आमच्याबरोबरचे मामा एका फाट्यावर थांबले आणि जमिनीकडे बोट केलं, एका वाटेवर खुरांचे ठसे आणि शेण, दुसरीवर दगड पायांनी झिजून गुळगुळीत झालेले. म्हणाले, "ही माणसांची, ती गुरांची, ती कड्यावर जाऊन संपती."

गुंजवणी
मी राजगड-तोरण्याबद्दल लिहितो, तेही पाण्याबद्दलच. संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडलं की तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत सगळी डोंगराची उघडी धार आहे, मध्ये डांबरी रस्ता आडवा येतो, एखाद्या घरी ताक-सरबत मिळतं कधी, पण त्यावर विसंबून निघायचं नाही. फेब्रुवारी संपला की या धारेवर सावली शोधावी लागते. मी माणशी ४ लिटर राजगडावरूनच भरून घेतो, म्हणजे ४ किलो, म्हणूनच बाकीचं सामान कमी करावं लागतं हे लक्षात घ्या. पहाटे ५ ला हेडटॉर्च लावून निघायचं, ११ पर्यंत जास्तीत जास्त धार मागे टाकायची. मागे एका दुसऱ्या ग्रुपमधला मुलगा आम्हाला धारेवर बसलेला दिसला, घाम यायचा थांबला होता आणि स्वतःच्या मित्राचं नाव त्याला आठवेना. पाणी संपलं होतं त्यांचं. ताडपत्रीची सावली केली, शर्ट काढून अंगावर पाणी ओतलं, वारा घातला आणि मग तिथून हलवला. शुद्ध हरपत असेल तर पाणी तोंडात ओतू नका, अंग गार करणं आधी.

फुरसुंगी_ताई
मी कोकणात ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, ट्रेकही करते. साप चावलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा निम्म्या वेळा पायाला करकचून दोरी बांधलेली असते नाहीतर ब्लेडने कापलेलं असतं. दोन्ही करू नका हो, मनापासून सांगते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांच्या विषावर लस आहे आणि ती दवाखान्यातच मिळते, त्यामुळे काम एकच, माणसाला चालू न देता, चावलेला अवयव हलू न देता लवकरात लवकर खाली आणणं. अंगठी, पैंजण, घड्याळ लगेच काढा कारण सूज येते. चावल्याची वेळ लिहून ठेवा. साप पकडायला किंवा मारायला जाऊ नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाहीत. तयारी म्हणाल तर निघायच्या आधी पायथ्यापासून जवळचं कुठलं सरकारी रुग्णालय आहे आणि तिथे लस असते का हे फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

ओआरएसचं अजून एक. मोठं पाकीट अख्खं १ लिटर पाण्यात घालायचं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतून पिणारे खूप बघते, त्याने बरं वाटायच्या ऐवजी त्रास वाढतो.

जुना भिडू
सॅक. पूर्ण भरलेली सॅक आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नये. पांघरूण तळाला, जड शिधा आणि पाणी पाठीला लागून मधोमध, पावसाळी जॅकेट अन् टॉर्च वरती. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर, भार कमरेवर यायला हवा. आतून एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालून त्यात सगळं भरायचं, रेनकव्हर वाऱ्याने उडतं. रात्री घालायचे कपडे कोरडे राहिलेच पाहिजेत, पावसाळ्यात ओल्या अंगाने वाऱ्यात बसलं की माणूस बघता बघता गारठतो.

आणि अत्तर, डिओ घरी ठेवा. आग्यामाशांची पोळी कड्यांना असतात, वास, धूर, आरडाओरडा यातलं काहीही त्यांना पुरतं.

स्पितीकर_सध्या_ठाण्यात
हिमालयात जाणाऱ्यांसाठी लिहितो. आम्ही पिन-भाबा केला, किन्नौरमधल्या काफनूहून चढून स्पितीत उतरायचं, खिंड ४८०० मीटरच्या वर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सह्याद्रीत कितीही पाय चालले तरी उंचीची सवय होत नाही, पायांचा दम आणि विरळ हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३००० मीटरनंतर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरच्या वर वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. आम्ही तो जादा दिवस कारा नावाच्या कुरणाला धरलाच होता, रजाही तशीच घेतली होती, म्हणून एकाचं डोकं दुखायला लागलं तेव्हा "परतीची गाडी चुकेल" हा विषयच निघाला नाही. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला, बडबड विचित्र व्हायला लागली किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली. गोळी खाऊन वर चढत राहायचं नाही.

खाडीपार
मी कॅलिफोर्नियात असते. इकडे योसेमिटीला मुक्कामी जायचं तर परवाना आधी काढावा लागतो आणि जेवण अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात न्यावं लागतं. माझं भडंग, चिक्की, टूथपेस्टसुद्धा त्यातच, वास येणारं सगळं. डबा तंबूपासून लांब ठेवायचा. दुसरं म्हणजे रेंज नसते म्हणून इथे बरेच जण उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र नेतात, पण भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, विमानतळावर अडकवलेत लोकांना. हिमालयात ट्रेकला म्हणून इथून घेऊन येऊ नका.

फ्रिजवरचा कागद
मी स्वतः फारशी जात नाही, माझा मुलगा जातो, तर घरी राहणाऱ्याचा अनुभव लिहिते. तो निघताना फ्रिजवर कागद लावून जातो. वाट, बरोबर कोण कोण आणि त्यांच्या घरचे नंबर, गाडी कुठे लावणार, पायथ्याच्या ज्या घरी जेवणार तिथला नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरात "रविवारी रात्री १० पर्यंत फोन आला नाही तर आधी गावात, मग ११२". गिर्यारोहकांचं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे महाराष्ट्रात, त्यांचाही नंबर त्याने लिहिलाय. आधी मी शनिवारपासूनच घालमेल करत बसायचे, फोन लागला नाही की देव पाण्यात. आता १० पर्यंत शांत असते, कारण १० नंतर काय करायचं ते माहितीये. मुलांनो, एवढा एक कागद लिहा घरच्यांसाठी.

गुंजवणी
काकू, हे आजच आईला पाठवतोय.

नवीन_भरती
सगळं वाचून काढलं. डिसेंबरमध्ये पहिलाच मुक्कामी ट्रेक आहे, जिना चढायचा सराव चालू केलाय पण सॅक घेऊन करू का? आणि वजन कशाचं घालू?

जुना भिडू
सॅक घेऊनच कर, तीच सॅक आणि तेच बूट. वजनाला पाण्याच्या बाटल्या भर, पहिल्या आठवड्यात ४ किलो, मग हळूहळू वाढव. पर्वती जवळ असेल तर उत्तम. वर पोचलास की बाटल्या झाडांना ओत आणि रिकाम्या सॅकने उतर, सुरुवातीलाच उतरताना गुडघ्यांवर भार नको. शेवटचे दोन आठवडे मात्र भरल्या सॅकने उतरायचाही सराव कर.