कोपराजवळची अल्नर नर्व्ह (करंगळीकडे जाणारी नस): ३५ मी./से. चा वेग म्हणजे ‘सिव्हिअर’ का?

एनसीव्ही_टेबल: एका पेशंटची नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेला विजेचा झटका देऊन संदेशाचा वेग आणि आकार मोजणं) केली. करंगळीला मुंग्या, पकड थोडी सैल. एडीएमवरून (करंगळीच्या बुडाचा स्नायू) नोंद, झटका दिला ती जागा आणि प्रतिसाद: मनगट ८.१, कोपराखाली ७.८, कोपराच्या वर ५.४ मिलिव्होल्ट. कोपर सरळ होतं, अंतर ८ सेंमी, लेटन्सीतला (प्रतिसाद यायला लागणारा वेळ) फरक २.३ मिलिसेकंद, म्हणजे ३५ मी./से. हाताच्या पुढच्या भागात (कोपर ते मनगट) ५८. करंगळीचा स्नॅप (संवेदनेच्या तंतूंचा प्रतिसाद) ६ मायक्रोव्होल्ट, दुसऱ्या हाताला १९. रिपोर्टवर ‘सिव्हिअर’ लिहायचं का?

करंगळी: नाही. वेग अडचणीची जागा दाखवतो, श्रेणी नाही. पादुआ पद्धतीत (या टेस्टवरून तीव्रतेची श्रेणी ठरवायची पद्धत) नुसता वेग कमी आणि स्नॅप नॉर्मल असेल तर सौम्य; स्नॅपही घटला तर मध्यम; स्नॅप मिळालाच नाही तर तीव्र; स्नॅप आणि सीमॅप (स्नायूचा प्रतिसाद) दोन्ही नाहीसे झाले तर अतितीव्र. तुमचा पेशंट मध्यम. ७.८ वरून ५.४ म्हणजे ३१ टक्के घट, २० च्या वर असल्याने कंडक्शन ब्लॉक (मध्येच संदेश अडणं) धरायला हरकत नाही. पण मनगटाला ८.१ आहे, म्हणजे बहुतेक तंतू शाबूत आहेत. मनगटालाच २ मिळाले असते तर चित्र वेगळं होतं. (मॅकगोवनची श्रेणी तपासणीतल्या लक्षणांवर ठरते, ती यात मिसळू नका.)

टेप_आणि_मार्कर: आधी तो ३५ परत काढा! कोपर सरळ असताना नर्व्ह सैल पडून दुमडलेली असते. त्वचेवर मोजलेलं अंतर खऱ्या लांबीपेक्षा कमी भरतं आणि वेग खोटा कमी येतो. कोपर ७० ते ९० अंश वाकवा, मोजताना आणि स्टिम्युलेट करताना तेच ठेवा. टेप वाकणाच्या मागून वळवा, अंतर १० सेंमीच्या आसपास हवं. खालचा बिंदू मीडियल एपिकाँडाइलपासून (कोपराच्या आतल्या बाजूचं हाड) ३ सेंमी खाली. त्याहून खाली गेलात तर नर्व्ह एफसीयूखाली (मनगट वाकवणारा स्नायू) खोल जाते, करंट अपुरा पडतो. फार वर घेतलात तर क्युबिटल टनेलमधली (कोपरातली नर्व्ह जाते ती अरुंद जागा) अडचण हुकते. हात ३२ अंश सेल्सिअसपेक्षा गार नको.

एनसीव्ही_टेबल: ९० अंशांत पुन्हा केलं: १०.४ सेंमी, २.४ मिलिसेकंद, ४३ मी./से. प्रतिसादांचे आकार (मिलिव्होल्ट) तेवढेच.

करंगळी: ५० च्या खाली आणि पुढच्या भागापेक्षा १५ ने कमी, म्हणजे जागा तीच. श्रेणीही तीच, मध्यम. फक्त ३५ हा आकडा रिपोर्टमधून काढा.

अल्नर_वाचक: घट मनगट आणि कोपराखालच्या बिंदूमध्ये दिसली असती, तर ब्लॉक म्हणण्याआधी मार्टिन-ग्रुबर (मीडियन नर्व्हचे काही तंतू कोपराखाली अल्नरला मिळणं) बघायचं: कोपरात मीडियन स्टिम्युलेट करून एडीएमवर नोंद. इथे ८.१ ते ७.८, त्यामुळे तो प्रश्न नाही. मात्र एफडीआयवरूनही (अंगठा आणि तर्जनीमधला स्नायू) एकदा नोंद घ्या. कोपरात तंतूंचे सगळे गुच्छ सारखे दबत नाहीत, आणि कधीकधी एडीएम बरा दिसतो तेव्हा एफडीआय पडलेला असतो. सुई टाकणार असाल (स्नायूची ईएमजी) तर एफडीआयमध्येच आधी. एफसीयू नॉर्मल आला म्हणून कोपर सोडून देऊ नका, तो बऱ्याचदा दाबातून सुटतो.