घरचेच सगळे : टोपलीतल्या फोटोवरून

वहिनी: नमस्कार सगळ्यांना. लिहू की नको करत होते, शेवटी लिहितेच. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात बाळाला कपड्यांच्या टोपलीत बसवून फोटो काढले गेले. बसवून! अडीच महिन्यांची आहे ती, अजून नीट मान धरत नाही. फोटोत हनुवटी चक्क छातीला टेकलेली दिसतेय. कोणाला उद्देशून नाही, पण पुन्हा असं करू नका प्लीज 🙏

आत्या: उद्देशून नाही म्हणतेस आणि टोपली माझ्याच हातात होती हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

आत्या: आम्हीपण पोरं वाढवलीत.

धाकटे काका: टोपलीतले कपडे कुठे ठेवलेत ते आधी सांगा. माझा निळा शर्ट सकाळपासून बेपत्ता आहे.

मोठे काका: फ्लॅश वापरू नये. लहान मुलांच्या डोळ्यांना अपाय होतो.

मनू: काका, फ्लॅश वापरलाच नव्हता.

मोठे काका: तरी सांगून ठेवतो.

बंटी: पण फोटो कडक आलाय हां. मी स्टेटसला ठेवला तर ऑफिसातले सगळे

दादा: स्टेटसला??

बंटी: (हा मेसेज काढून टाकला आहे)

मोठी काकू: काय काढून टाकलं? मी आत्ताच चष्मा लावला.

नर्सकाकू: ड्यूटी आत्ता संपली. आत्या, रागावू नका, पण ती बरोबर बोलतेय. एवढ्या लहान बाळाची मान पुढे दुमडली की श्वासाची वाट दबते, आणि त्याला स्वतःहून डोकं वर उचलता येत नाही. त्यात रडायलाही येत नाही. आपल्याला वाटतं, बघा किती शांत झोपलंय. म्हणून टोपली, बादली, उशांचा डोंगर, काहीच नको. पाठीवर, सपाट, आणि कोणीतरी हाताच्या अंतरावर. हात म्हणजे खरोखर हात, समोरच्या सोफ्यावरून नव्हे.

आत्या: बरं. मग नेटवर ते हनुवटीखाली हात घेऊन झोपलेलं बाळ असतं ते? त्यांना कोणी काही म्हणत नाही.

मनू: आत्या, तो एक फोटो नसतोच. दोन असतात. एकात मदतनीस डोकं धरून ठेवते, दुसऱ्यात मनगटं. मग कॉम्प्युटरवर दोन्ही जोडायचे आणि धरणाऱ्याची बोटं पुसून टाकायची. बाळाला तसं सोडून कोणी देत नाही, निदान शहाणा माणूस तरी. आणि ती गुंडाळी होऊन झोपायची सवय साधारण पहिल्या दोन आठवड्यांतली. आपली बाई आता हातपाय झाडते, ती वेळ कधीच गेली.

धाकटे काका: म्हणजे इतकी वर्षं कॅलेंडरवर जे बघत आलो ते सगळं जोडकाम?

आत्या: मग सरळ खोटंच की ते.

मोठे काका: फोटो काढायला हरकत नाही. फ्लॅश वापरू नये.

बंटी: मनूदा, मग घरी काढायचे तरी कसे? नुसतं पाठीवर झोपवून काढलेले सगळे आधारकार्डासारखे येतात.

मनू: येतात कारण तू डोक्यावर उभा राहून ट्यूबच्या उजेडात काढतोस. लिहितो, पण मध्ये बोलू नका.

मनू: खिडकी बघा. ऊन थेट येत असेल तर पातळ पडदा ओढून घ्या. खिडकीपासून दोनतीन फुटांवर खाली जमिनीवर गादी टाका. जमिनीवरच, टेबलावर नाही, पलंगाच्या कडेला तर मुळीच नाही. बाळाचं डोकं खिडकीकडे, पण जरा तिरकं, म्हणजे उजेड कपाळावरून गालावर उतरतो आणि नाकाची छोटी सावली ओठाकडे पडते. पाय खिडकीकडे केले की उजेड खालून नाकपुड्यांत शिरतो आणि चेहरा भुताच्या सिनेमातला दिसतो. परवाचे बंटीचे फोटो पाहा.

बंटी: 😐

मनू: दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची, त्या गालावरचा काळोख कमी होतो. खोलीतले सगळे दिवे बंद. नाहीतर एक गाल पिवळा, एक निळा, आणि मग तुम्ही फिल्टर लावत बसता.

मोठे काका: दिवे बंद केले तर अंधार होईल. मग फ्लॅश लागेल. फ्लॅश वापरू नये.

मनू: 🙂

नर्सकाकू: भाऊजी, नेहमीच्या फ्लॅशने डोळे अधू होतात याला काही आधार नाही. दचकतं मात्र बाळ, म्हणून टाळायचा.

मोठे काका: मला एक लेख आला होता. शोधून टाकतो.

मोठे काका: (अनेकदा फॉरवर्ड केलेलं) 🌸 शुभ प्रभात. हसत राहा, निरोगी राहा 🌸

धाकटे काका: लेख छान आहे.

मनू: फोनचं पण ऐका. आधी लेन्स पुसा, कॉटनच्या कपड्याने. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच अडकतो. अगदी नाकाजवळ फोन नेऊन काढू नका, नाक मोठं आणि कान गायब होतात. दोन पावलं मागे या आणि २एक्स झूम वापरा. पोर्ट्रेट मोडवर फार विसंबू नका, तो बाळाची लव आणि बोटांची टोकं खाऊन टाकतो. आणि पोट टेकून खाली लोळा, फोन तिच्या डोळ्यांच्या पातळीला आणा.

आत्या: मी या वयात लोळणार नाही.

मोठी काकू: कोणी सांगितलंय तुम्हाला?

मनू: वेगळं काही हवं असेल तर वरून काढायचा. जमिनीवर चादर, बाळ पाठीवर, भोवती शाली आणि ओढण्या पसरून समुद्र करायचा, पांढऱ्या लंगोटांचे ढग, सॉक्सचे मासे. बाळ जसंच्या तसं, सगळी कल्पना तिच्या बाजूला. मोरपंखी रंगाची ती शाल आहे ना कपाटात, तिच्या निऱ्या घातल्या की लाटा मस्त दिसतील. फक्त कापड छातीच्या वर येऊ द्यायचं नाही, आणि फोटो झाला की सगळं उचलायचं. त्यातच झोपली म्हणून तसंच राहू द्यायचं नाही.

मोठी काकू: मोरपंखी शाल माझी आहे.

आत्या: तुझी? ती आईने मला दिली होती.

मोठी काकू: आईंनी मला दिली, तुम्ही हिवाळ्यात घालायला नेली, ती आणली चार वर्षांनी. आणि आणली तेव्हा कडेला डाग होता. मी काही बोलले नाही.

आत्या: आत्ता बोललीस की.

धाकटे काका: मोठ्या वहिनी, माझा शर्टपण त्यांच्याकडेच असेल, विचारा.

आजी (दादाच्या फोनवरून): शाल माझी आहे मी कोणालाच दिलेली नाही फुलस्टॉप

बंटी: 😂😂 आजी बोलून टाइप करतेय

आजी (दादाच्या फोनवरून): हसायला काय झालं प्रश्नचिन्ह

मनू: आणि वरून काढताना स्टुलावर चढून बाळाच्या बरोब्बर वर वाकू नका. फोनचा पट्टा मनगटात अडकवा. फोन सुटला तर खाली कोण आहे ते लक्षात घ्या.

बंटी: मी ती चमचमती छोट्या दिव्यांची माळ आणू? सेलवर चालते.

नर्सकाकू: नको. त्या माळेत आणि छोट्या खेळण्यांत बटणासारखे गोल सेल असतात. गिळला गेला तर २ तासांत अन्ननलिका भाजू शकते. आत्ता ती काही उचलत नाही, पण आणखी महिना-दीड महिन्याने हाताला लागेल ते तोंडात जाणार, आणि तुमची सजावट तोवर घरभर पडलेली असणार. सोपी कसोटी सांगते, टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. त्यातून जे आरपार जाईल ते बाळाजवळ नको. वायर आणि दोऱ्या तर गळ्याजवळ अजिबात नकोत.

मोठे काका: दिव्यांची माळ म्हणजे एक प्रकारचा फ्लॅशच.

दादा: मला स्टेटसचं बोलायचंय. बंटी, काढलास का?

बंटी: काढला. तासभरच होता.

दादा: तासाभरात तुझ्या ऑफिसातल्या लोकांनी माझी मुलगी बघितली आणि तिच्या आईने बघितली नव्हती. ग्रुपवर टाका, घरच्यांना दाखवा, पण बाहेर टाकायच्या आधी आम्हाला दोघांना विचारा. आणि आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कुठेच नकोत. या ग्रुपवरसुद्धा.

आत्या: घरच्यांपासून काय लपवायचं?

दादा: आत्या, या ग्रुपवर ३८ जण आहेत. त्यातले दोन नंबर मला ओळखूही येत नाहीत.

धाकटे काका: एक मी आहे. जुना फोन, जुना नंबर. दुसराही बहुतेक मीच.

मोठे काका: संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम १६ नुसार मुलांनाही खासगीपणाचा हक्क आहे.

बंटी: काका 🫡

मोठे काका: फ्लॅशचा उल्लेख त्यात नाही, पण असायला हवा होता.

आत्या: मला काही ते कलम कळत नाही. मला बाळाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय. इथे येतो तो फुटतो. मनू, मला डॉक्युमेंट म्हणून पाठव, तसा पाठवला की जसाच्या तसा येतो म्हणतात.

मनू: येतो. पण त्याच्याबरोबर फोटो कुठे काढला, कधी काढला तेही आतल्या आत येतं, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप ते काढून टाकतं, डॉक्युमेंट पाठवलं की तसंच राहतं. तुम्हाला एकट्याला पाठवतो, लोकेशन काढून. तुम्ही मात्र तो पुढे पाठवू नका.

आत्या: मी कधी काही पुढे पाठवते?

मोठी काकू: 🙂

वहिनी: माझा आवाज सकाळी जरा चढला असेल, पण बोलले त्यावर ठाम आहे. हा एक मी दुपारी काढलेला बघा. दूध पिऊन झोपली तेव्हाचा, माझ्या खांद्यावरून.

वहिनी: (फोटो)

नर्सकाकू: अगं बाई! वरच्या ओठावरचा तो दुधाचा फोड बघा. तो काही महिन्यांत जातो आणि मग कोणाला आठवतही नाही.

मनू: वहिनी, हा सगळ्यांत चांगला आहे. कानामागची लव, मनगटावरची ती दोऱ्याने आवळल्यासारखी वळी, मुठीतून बाहेर आलेला तेवढा एक अंगठा. अख्खं बाळ फोटोत मावलंच पाहिजे असं कुठे आहे? अशा तुकड्यांची मालिका करा. टाच, नखं, टाळूवरचा भोवरा. तिला हलवायचं नाही, सजवायचं नाही, उठवायचं तर नाहीच.

आत्या: चेहराच नाही दिसत नीट.

नर्सकाकू: चेहरा हवा तर झोप आणि दूध दोन्ही झाल्यावर काढा, तेव्हा हसते ती. पण फोनकडे बघून नाही, माणसाकडे बघून. या वयात जवळचं माणसाचं तोंड तिला सगळ्यांत आवडतं. एकाने फोन धरायचा, दुसऱ्याने अगदी लेन्सशेजारी तोंड आणून बोलायचं. मान फिरवली, जांभई दिली, उचकी लागली की बास. आणखी एकच, आणखी एकच म्हणत रडवायचं नाही.

दादा: ठीक. मग रविवारी सकाळी, ती उठेल तेव्हा. मनू फोन धरेल, बोलायला आत्या, मोठी काकू पांढरी चादर धरेल. बंटी दाराबाहेर.

बंटी: का?

दादा: तुला माहीत आहे का.

आत्या: मी लेन्सशेजारी काय करू? गाऊ का?

मोठी काकू: गाऊ नका. नुसतं बोला.

मोठी काकू: आणि चादर धरायची म्हणजे मी फोटोत नाहीच.

आत्या: फोटोत कोणीच नाही, बाळच आहे.

मोठी काकू: तुमचं बरं आहे हो, व्हिडिओ काढला तर आवाज तरी येईल.