अंबड एमआयडीसी: शिफ्ट आणि ओटीमध्ये (ओव्हरटाइम) कायम डावललं जातंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रकार लक्षात येणार नाही. मी नाशिकच्या अंबडला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर आहे, परमनंट आहे, कंपनीचं नाव टाकत नाही. कामाबद्दल तक्रार नाही, पगार वेळेवर होतो. त्रास आहे तो लाइन इन्चार्जचा. म्हणजे माणूस शिव्या देतो वगैरे असं काही नाही, पण त्याची चार-पाच पोरं ठरलेली आहेत, त्याच्याच तालुक्यातली, डबा पण सोबतच खातात, आणि जे काही चांगलं असेल ते आधी त्यांना.

शिफ्ट दर आठवड्याला फिरायला पाहिजे, फर्स्ट, सेकंड, थर्ड, सगळ्यांना सारखी. कागदावर तशी फिरते पण. पण आठवडा सुरू झाला की त्यांच्यातल्या कुणाच्या घरी काम निघतं, कुणाचं गावाला लग्न, कुणाची कंबर धरते, आणि मग थर्डला, म्हणजे रात्रपाळीला या म्हणून फोन येतो तो मला नाहीतर माझ्यासारख्या अजून दोघा-तिघांना. चार्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री टाकतात, नंतर बदलला की जुना मेसेज डिलीट, सकाळी बघावं तर आधी काय होतं त्याचा पुरावाच नाही.

ओटीचं तसंच. ओटीला डबल रेट मिळतो, कायदाच आहे तो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर कोण नाही म्हणेल, महिन्यात दोन-तीन ओटी झाले की घराच्या हप्त्याला केवढा आधार होतो. पण यादी लागते त्यात तीच नावं. एकदा विचारलं तर म्हणे तू मागच्या वेळी नाही म्हणाला होतास. मला कुणी विचारलंच नव्हतं हो!

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते मशीनचं. नवीन दोन मशीन आहेत, साधा जॉब, एकदा सेटिंग झालं की साइज हलत नाही, ती त्यांच्याकडे. आमच्या वाट्याला जुनं मशीन, टरेट (टूल बदलणारा भाग) मधेच अडकतं, कूलंट गळतं, साइज हलते म्हणून दर थोड्या वेळाने ऑफसेट देऊन ती जुळवावी लागते. आता सांगा रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पार्ट, कुणाचं जास्त येणार? आणि अप्रेझलच्या वेळी साहेब तोच आकडा पुढे ठेवतात की तुझं रिजेक्शन जास्त आहे, ग्रेड कशी देणार. म्हणजे आधी खराब मशीन द्यायचं आणि मग त्याचा हिशोब माणसाच्या नावावर लावायचा. प्लांट हेडला वरून फक्त आकडे दिसतात, त्यात ती पोरं चांगली आणि आम्ही खराब असंच दिसणार, यात त्यांना तरी काय कळणार.

घरी पण ओढाताण होते. बायको सकाळी लवकर नोकरीला निघते, मी थर्ड करून त्रिमूर्ती चौकातून घरी पोहोचेपर्यंत ती गेलेली असते, मुलीला शाळेत सोडून झोपावं तर खाली पिठाची गिरणी सुरू. लागोपाठ थर्ड आल्या की दुपारी जेवताना हात थरथरतो, आणि रात्री पुन्हा जॉब धरून फिरणाऱ्या चकजवळ उभं राहायचं.

इन्चार्जशी शांतपणे बोललोय. एचआरच्या मॅडमना पण भेटलो, त्या म्हणाल्या लाइनचं लाइनवरच मिटवा. कंपनीत युनियन आहे पण कमिटीतला आमच्या लाइनचा माणूस त्याच ग्रुपमधला. सातपूर, सिन्नर, गोंदे सगळीकडे बघितलं, आता परमनंट कुणी घेत नाही, कॉन्ट्रॅक्टवरच घेतात, म्हणून सोडायची इच्छा नाही. लेखी तक्रार द्यावी का? दिली तर नंतर त्रास वाढतो का? पक्षपात हा कायद्याने गुन्हा वगैरे आहे का की नुसताच नशिबाचा भाग? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
सोडा ती कंपनी, तब्येतीपेक्षा काही मोठं नाही.

प्रतिसाद:
भाऊ मी बरीच वर्षं सातपूरला युनियनचं काम केलंय. नशिबाचा भाग अजिबात नाही हा. आपल्या महाराष्ट्राचा 1971 चा कायदा आहे, एमआरटीयू अँड पीयूएलपी, म्हणजे युनियनला मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा, त्यात मालकाने करू नयेत अशा गोष्टींची यादी आहे. चौथ्या शेड्यूलमधला 5 नंबर बघा, गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे असं स्पष्ट लिहिलंय. त्याची तक्रार इंडस्ट्रियल कोर्टात जाते आणि घटना घडल्यापासून 90 दिवसांत करावी लागते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं उकरून काढण्यापेक्षा आत्ताचं लिहून ठेवा. नवीन लेबर कोड 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेत, 2020 च्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडच्या यादीत पण हा मुद्दा आहे, तेव्हा तक्रार आता कशाखाली घालायची ते वकिलाला आधी विचारा. पण लगेच कोर्टात पळू नका. एकदा-दोनदा डावललं एवढ्यावर काही उभं राहत नाही, सारखं तेच होतंय हे दाखवावं लागतं. पगाराच्या स्लिपा सांभाळा, त्यात ओटीचे तास असतात. आणि अर्ज दिला की दुसऱ्या कॉपीवर तारखेसह पोच घ्या, पोच नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा. कंपनीतल्या युनियनवर भरवसा नसेल तर सीटू या कामगार संघटनेच्या लोकांना नुसतं विचारून तरी या, अंबड-सातपूरला त्यांचं जुनं काम आहे.

प्रतिसाद:
मी दुसऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. साहेबांची माणसं, गाववाले असं अर्जात लिहू नका, ते लिहिलं की विषय भांडणाचा होतो आणि मग एचआर दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावतं, झालं. तुम्ही मशीनवर लिहा. टरेट अडकलं की प्रत्येक वेळी ब्रेकडाउन स्लिप भरा, मेंटेनन्सवाला आला नाही तरी भरा, लॉगबुकमध्ये वेळ टाका. मग मागणी करा की रिजेक्शन माणसाप्रमाणे न काढता मशीनप्रमाणे काढा आणि ऑपरेटर मशीनवर फिरवा. त्याच मशीनवर त्यांच्यातला एक जण आठवडाभर उभा राहिला की आकडाच बोलेल. प्लांट हेड याला नाही म्हणत नाही, कारण स्क्रॅपचा खर्च त्याच्या डोक्यावर असतो. शिफ्ट चार्ट सहीसह नोटिस बोर्डावर लावा अशी दुसरी मागणी करा. तोपर्यंत ग्रुपवर चार्ट आला की लगेच स्क्रीनशॉट काढा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, मशीनप्रमाणे रिजेक्शन काढायचं हे खरंच डोक्यात आलं नव्हतं, स्लिपा आजच्या शिफ्टपासून भरायला घेतो. दादा, 90 दिवसांचं पण माहिती नव्हतं, वकिलाला विचारतो. नोकरी सोडायचा सल्ला देणाऱ्यांना एवढंच सांगतो की हप्ता अजून बराच बाकी आहे हो, आणि चूक माझी नसताना मी का जाऊ. आता एकच विचारायचंय, आमच्यातले अजून दोघं सही करायला तयार आहेत, तिसरा घाबरतोय. तिघांनी मिळून एकच अर्ज दिलेला बरा की प्रत्येकाने आपापला वेगळा? कुणी असा एकत्र अर्ज दिला असेल तर पुढे काय झालं ते लिहा.