दुकानांच्या साखळीतले मोठे दुकान बंद पडले, यात आनंद कसला?

जुना_ट्रकवाला: गोव्यात आमच्या भागातले मोठे दुकान बंद झाले. ‘भायले (बाहेरचे) होते, गेले’ म्हणत बरेच जण खूश आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बसल्या. ट्रक, बार्ज, गॅरेज, सगळेच. तेव्हा आमच्या मुलींना महिन्याच्या महिन्याला पगार, वर पीएफ, याच दुकानाने दिला. आता त्यांनी कामाला पणजीजवळच्या पर्वरीला जायचे? बसभाडे वजा करून हातात काय राहील?

पसरकार: मी गावातला किराणावाला. पगार दिला, कबूल. पण ते आले तेव्हा बाजारातले किती भुसारी उठले? खाणी बंद असताना तुमची उधारी कोणी चालवली, पात्रांव? काही वह्या अजून मिटलेल्या नाहीत.

रोजची_गिऱ्हाईक: उधारीचे कौतुक पुरे. तुमच्याकडे भाव विचारला की कपाळाला आठी. तिथे एमआरपीपेक्षा कमी, शिवाय छापील बिल. लोक उगाच नाही गेले.

जुना_ट्रकवाला: आणि गिऱ्हाईक असूनही दुकाने बुडतात. बिग बझार आठवा. ते चालवणारी फ्यूचर रिटेल कर्जात रुतली. २०२० मध्ये रिलायन्सशी ठरलेला २४,७१३ कोटींचा सौदा अॅमेझॉनने सिंगापूरच्या लवादात अडवला. रिलायन्सच्या नावावर गेलेल्या जागांची भाडी थकली होती, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. काउंटरवरच्या पोरीचा यात काय दोष?

पसरकार: अहो, मीही तेच सांगतोय! भांडण मोठ्यांचे, कुलूप आपल्या गावात. माझे दुकान बंद करायचे तर निदान माझ्या घरात ठरेल.

कुळागरवाला: गोवा बागायतदारकडे कोणी बघतच नाही. सभासदांची सुपारी, काजू घेणारी सहकारी संस्था, तिचीच किराणा दुकाने. मालक इथलेच, म्हणून आमसभेत उभे राहून जाब विचारता येतो.

रोजची_गिऱ्हाईक: तुम्हाला येतो. माझ्याकडे ना पोफळ ना काजूचे झाड, भाड्याची खोली आहे. मी कुठल्या आमसभेत उभी राहू?

पसरकार: बाय, मुद्दा बरोबर. ट्रकवाले, त्या मुलींपैकी दोघींना हिशेब येत असेल तर पाठवा. पीएफ मात्र जमणार नाही.

जुना_ट्रकवाला: मग नाही पाठवत.